घरी एकट्या राहणाऱ्या कुत्र्याचे भुंकणे: कारण कसे ओळखावे आणि सवय कशी लावावी

निंबोणी (पुणे)

नमस्कार. गृहनिर्माण सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पाळीव कुत्र्यांविषयी ज्या तक्रारी येतात, त्यांत ‘मालक बाहेर गेले की कुत्रा तासन्‌तास भुंकतो’ ही तक्रार वारंवार असते. तिच्यावरची चर्चा मात्र ‘इमारतीत कुत्रा ठेवावा की ठेवू नये’ या वादाकडे वळते आणि तिथेच थांबते. कुत्रा का भुंकतो आणि ते कमी कसे करता येईल, हा प्रश्न बाजूलाच राहतो. त्या प्रश्नापुरता हा धागा असावा अशी विनंती आहे.

आमच्याकडे एक देशी कुत्री आहे. २०२० च्या टाळेबंदीत ती पिल्लू म्हणून घरी आली आणि दोन्ही माणसे दिवसभर घरात असण्याचीच तिला सवय झाली. त्या काळात घरात आलेल्या अनेक कुत्र्यांचे असेच झाले आहे. पिल्लाला एकटे राहण्याची सवय थोडी थोडी लावायची असते. ज्या वयात ती लागते, त्या वयात घर कधी रिकामे झालेच नाही. पुढे कार्यालये सुरू झाली आणि प्रश्न एकदम समोर आला. मात्र टाळेबंदी हे एकच कारण नाही. घर बदलणे, घरातील मुलगी किंवा मुलगा शिक्षणासाठी वसतिगृहात जाणे, कुटुंबातील एखाद्या व्यक्तीचे किंवा सोबतच्या कुत्र्याचे निधन, कामाची पाळी बदलणे, अशा कोणत्याही बदलानंतर इतकी वर्षे शांत राहिलेला कुत्राही भुंकू लागतो.

या विषयात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की आपण नसताना कुत्रा काय करतो, हे मालकाला प्रत्यक्ष कधीच दिसत नाही. तो आपल्याला दिसतो तो दारात शेपटी हलवताना. त्यामुळे ‘आमचा कुत्रा तर शांत असतो’ हे मालकाचे म्हणणे आणि ‘सकाळपासून ओरडतो आहे’ हे शेजाऱ्यांचे म्हणणे, दोन्ही आपापल्या जागी प्रामाणिक असतात. म्हणून कोणताही उपाय करण्यापूर्वी चित्रीकरण करावे. त्यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही; घरातला जुना मोबाइल फळीवर असा ठेवावा की मुख्य दार आणि कुत्र्याची नेहमीची जागा दोन्ही दिसतील. पहिला अर्धा तास विशेष लक्षपूर्वक पाहावा, कारण एकटेपणाच्या भीतीने होणारा त्रास बहुधा माणूस बाहेर पडल्यावर पहिल्या काही मिनिटांतच सुरू होतो.

चित्रीकरणात साधारण तीन प्रकार ओळखता येतात. पहिल्या प्रकारात कुत्रा बराच वेळ झोपलेला असतो आणि लिफ्टचे दार, जिन्यावरची पावले, कुरिअरवाल्याची बेल किंवा खालून जाणारी कचऱ्याची गाडी ऐकून उठतो, भुंकतो आणि पुन्हा झोपतो. हे राखणीचे भुंकणे आहे. दुसऱ्या प्रकारात तो कंटाळलेला असतो. चप्पल, उशी, सोफ्याचा कोपरा यांच्याशी खेळतो आणि अधूनमधून एकसुरी भुंकतो. तिसरा प्रकार भीतीचा, ज्याला सेपरेशन अँग्झायटी म्हणतात. यात कुत्रा दारापाशी चकरा मारतो, धापा टाकतो, लाळ गाळतो, दाराची चौकट किंवा खिडकी नखांनी ओरबाडतो, शिकवलेला असूनही घरात लघवी करतो, आणि भुंकण्याबरोबर कोल्ह्यासारखा लांब सूर काढून रडतो. जाताना ठेवलेल्या आवडत्या खाण्याला तो तोंडही लावत नाही, आणि माणूस परत आल्यावर तेच अधाशासारखे खातो. ही खूण मला फार उपयोगी वाटली. खाणे तसेच पडून असेल, तर कुत्रा खोडकर नाही, घाबरलेला आहे, असे बहुतेक वेळा समजायला हरकत नाही.

हे तीन कप्पे अगदी वेगळे असतात असे नाही. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये २७०० हून अधिक कुत्र्यांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. एकटे राहिल्यावर दिसणाऱ्या सारख्याच लक्षणांमागे बाहेर पडता न आल्याची चिडचिड, बाहेरच्या आवाजांनी होणारी अस्वस्थता, कंटाळा अशा निरनिराळ्या भावना असू शकतात, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यामुळे एका कुत्र्याला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असे नाही. आपापले अनुभव लिहिताना भुंकण्याचा प्रकार कोणता होता, हेही कृपया लिहावे.

पिंपळपान (ठाणे)

मी कुत्रा पाळत नाही, पण अशा घराच्या बरोबर खाली राहते. माझ्या वडिलांवर हृदयशस्त्रक्रिया झाल्यापासून त्यांना दुपारची झोप आवश्यक आहे आणि नेमके त्याच वेळी वरच्या मजल्यावरचे रडणे सुरू होते. भुंकण्यापेक्षा रडणे सहन करणे अधिक कठीण जाते, कारण तो प्राणी त्रासात आहे हे कळते आणि आपण काहीच करू शकत नाही.

शेजाऱ्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली अशी की तक्रार घेऊन आलेल्या माणसाला ‘कुत्रा आहे, भुंकणारच’ असे उत्तर मिळाले, तर त्याच्याकडे सोसायटीला पत्र लिहिण्याशिवाय मार्ग उरत नाही. त्याऐवजी आपण काय प्रयत्न करत आहोत आणि त्यांना साधारण किती महिने लागतील, हे मालकांनी स्वतःहून येऊन सांगितले, तर बहुतेक माणसे थांबायला तयार असतात.

दुसरी गोष्ट निंबोणी यांच्या मुद्द्याला जोडून आहे. मालकाला जे दिसत नाही, ते शेजाऱ्याला ऐकू येते. मी आमच्या वरच्या ताईंना भुंकण्याच्या वेळा लिहून दिल्या. त्यांतून असे लक्षात आले की सकाळी त्या बाहेर पडल्यावर कुत्रा शांतच असतो. शाळेची बस येते तेव्हा मुलांचा गलका होतो, आणि त्यानंतर तो रडू लागतो. त्यांचा स्वतःचा मुलगा त्याच बसने घरी येत असे आणि यंदापासून तो शिकवणीला परस्पर जातो. हे कारण त्यांच्या लक्षात येणे शक्यच नव्हते, कारण त्या वेळी त्या कधी घरी नसतात.

निंबोणी (पुणे)

पिंपळपान, आपला प्रतिसाद या धाग्यासाठी फार मोलाचा आहे. शेजाऱ्याकडे केवळ तक्रारदार म्हणून न पाहता साक्षीदार म्हणून पाहिले, तर अर्धे काम सोपे होते. आपण ज्या कुत्र्याविषयी लिहिले आहे, त्याच्यासाठी दिवसभराची सोय करण्याची गरज नसावी. बस येण्याच्या थोडे आधी कोणी त्याला फिरवून आणले किंवा त्या वेळेपुरते घरात थांबले, तरी पुष्कळ फरक पडेल असे वाटते. उपाय किती मोठा करावा लागेल, हे वेळेच्या अशा नोंदीवरूनच ठरते.

पागोळी (नवी मुंबई)

मी आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीवर काम केले आहे. नियमांविषयी दोन्ही बाजूंचे गैरसमज असतात, म्हणून थोडक्यात लिहितो.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये पाळीव व भटक्या कुत्र्यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे त्यांत म्हटले आहे. भुंकणे ही कुत्र्याची नैसर्गिक अभिव्यक्ती आहे आणि ती समाजाने सहन करावी, असेही त्यांत आहे. मात्र त्याच ठिकाणी, सतत भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून कुत्रा शांत राहावा यासाठी, विशेषतः रात्री, मालकांनी सर्वतोपरी प्रयत्न करावेत असेही लिहिले आहे. आमच्याकडे वाद होत असे तेव्हा मालक पहिले वाक्य दाखवत आणि तक्रारदार दुसरे. दोन्ही एकत्र वाचली पाहिजेत.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६ अशी व्याख्या आहे. हे आकडे परिसरातील एकूण आवाजाच्या पातळीविषयी असल्यामुळे, मोबाइलवरच्या मोजमापाचा आधार घेऊन एका कुत्र्याच्या भुंकण्याचा निकाल लावण्यात अर्थ नाही. आम्ही अखेर एवढेच केले की तक्रार लेखी यावी, तीत दिवस आणि वेळा असाव्यात, आणि मालकाने काय उपाय सुरू केले आहेत ते ठरावीक मुदतीत लिहून द्यावे. मालकाची महानगरपालिकेची नोंदणी आणि रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र अद्ययावत असेल, तर चर्चेचा सूर पहिल्यापासून सौम्य राहतो.

कातळशिल्प (रत्नागिरी)

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने भुंकल्यावर सौम्य विजेचा झटका देणारा पट्टा ऑनलाइन मागवला आणि भुंकणे लगेच बंद झाले. शिवाय सोबतीला दुसरा कुत्रा आणावा असेही अनेक जण सांगतात. या दोन मार्गांविषयी जाणकारांचे मत वाचायला आवडेल. शेजाऱ्यांचा दबाव असतो तेव्हा मालकाला महिनोन्‌महिने थांबणे शक्य नसते, हेही लक्षात घ्यावे.

गवतफूल (नाशिक)

मी पशुवैद्यक आहे. कातळशिल्प यांचा प्रश्न नेहमी विचारला जातो, म्हणून सविस्तर लिहिते.

झटक्याच्या पट्ट्याने आवाज बंद होऊ शकतो हे खरे आहे. परंतु भीतीपोटी रडणाऱ्या प्राण्याला रडल्याबद्दल वेदना दिली, तर त्याची भीती कमी होत नाही; एकटेपणा आणि वेदना यांची गाठ मात्र पक्की बसते. असे कुत्रे मग भुंकण्याऐवजी स्वतःचे पाय चावून जखमा करतात, दार कुरतडताना दात मोडून घेतात, किंवा पट्टा हातात घेतलेल्या माणसावर गुरगुरू लागतात. वेल्समध्ये २०१० पासून कुत्र्यामांजरांवर अशा पट्ट्यांचा वापर कायद्याने बंद आहे. माझ्याकडे कोणी सल्ला मागितला, तर मी या पट्ट्याला स्पष्ट नकार देते, मग भुंकण्याचा प्रकार कोणताही असो.

याच्याच जोडीने मुसक्याविषयी लिहिणे मला अत्यंत आवश्यक वाटते. काही जण घराबाहेर पडताना कुत्र्याच्या तोंडाला घट्ट मुसके बांधून जातात. कुत्रा शरीरातील उष्णता मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो. तोंड बंद असेल तर त्याला धापा टाकता येत नाहीत आणि पाणीही पिता येत नाही. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, बंद घरात, घाबरलेल्या अवस्थेत हे जिवावर बेतू शकते. कुत्र्याला बाल्कनीत कोंडून जाणेही तितकेच घातक आहे. तिथे ऊन लागते, खालची प्रत्येक हालचाल दिसते आणि भुंकणे वाढते.

दुसरा कुत्रा आणण्याविषयी सांगायचे तर, ज्याला कोणीही सोबत असली तरी चालते अशा कुत्र्याला त्याचा उपयोग होतो. पण सेपरेशन अँग्झायटी असलेल्या कित्येक कुत्र्यांना विशिष्ट माणसाचा विरह सहन होत नसतो. त्यांच्या शेजारी दुसरा कुत्रा झोपलेला असला, तरी ते दाराशी रडतच राहतात. दुसरा कुत्रा आपल्याला मुळातच हवा असेल तर आणावा. पहिल्याचा उपाय म्हणून तो आणला आणि उपाय झाला नाही, तर जबाबदारी दुप्पट होते. ओळखीच्या कुत्र्याला काही वेळा घरी आणून चित्रीकरण केले, की याचा अंदाज आधीच घेता येतो.

तपासणीविषयी एक विनंती आहे. भुंकणे अचानक सुरू झाले असेल, किंवा कुत्रा वयस्क असेल, तर आधी पशुवैद्यकाकडे न्यावे. सांधेदुखी, त्वचेची खाज, मूत्रमार्गाचा संसर्ग, कमी झालेली दृष्टी किंवा श्रवणशक्ती, यांपैकी कशानेही कुत्रा एकटेपणी अस्वस्थ होतो. म्हाताऱ्या कुत्र्यांत माणसातील स्मृतिभ्रंशासारखा विकार दिसतो. असा कुत्रा रात्री जागतो, घरातल्या घरात वाट चुकतो, भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि कारणाशिवाय भुंकतो. त्याचे उपचार वेगळे असतात.

औषधांचा प्रश्न येतो तेव्हा लोक एक तर घाबरतात किंवा त्यांवरच सर्व भार टाकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कुत्र्यांतील सेपरेशन अँग्झायटीसाठी दोन औषधांना मान्यता दिलेली आहे: क्लोमिप्रामिन आणि फ्लुओक्झेटिन. ही गुंगीची औषधे नव्हेत. रोज द्यावी लागतात, पूर्ण परिणाम दिसायला साधारण ४ ते ६ आठवडे किंवा अधिक काळ लागतो, आणि सवय लावण्याच्या प्रशिक्षणासोबत दिली तरच त्यांचा खरा उपयोग होतो. मात्रा वजनावर, इतर आजारांवर आणि चालू असलेल्या इतर औषधांवर अवलंबून असल्यामुळे ती मी येथे लिहिणार नाही, आणि घरातील माणसाच्या गोळ्या कृपया कुत्र्याला देऊ नयेत. केवळ गुंगी आणणाऱ्या काही औषधांनी शरीर सुस्त होते, पण मनातली भीती तशीच राहते. घर शांत झाले एवढ्यावरून कुत्रा बरा झाला असे मानता येत नाही.

आणखी एक समज काढून टाकणे गरजेचे आहे. ‘त्याला आपली चूक कळते, मी आल्यावर कसा ओशाळवाणा होऊन बसतो’ असे मालक सांगतात. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की कुत्र्याचा तो चेहरा त्याने खोडी केली होती की नाही यावर अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसत असे. घरी परतल्यावर फाटलेल्या उशीबद्दल कुत्र्याला रागे भरले, तर त्याला एवढेच कळते की माणूस घरी येणे हीसुद्धा भीतीची गोष्ट आहे.

निंबोणी (पुणे)

गवतफूल, आपण वेळ काढून लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आता सवय लावण्याच्या पद्धतीविषयी लिहिते. आम्ही प्राणिवर्तनाच्या जाणकाराच्या मार्गदर्शनाखाली ती केली आणि करत आहोत.

पद्धतीचे मूळ सूत्र असे आहे की कुत्रा घाबरण्यापूर्वी आपण परत यायचे. तो रडू लागेपर्यंत बाहेर थांबायचे आणि मग ‘हळूहळू होईल सवय’ म्हणायचे, हे या सूत्राच्या नेमके उलट आहे. पूर्वी गावाकडे पोहायला शिकवताना पाठीला रिकामा डबा बांधत आणि पोर पाण्यात सैल झाले की मगच तो काढत. तसाच हा क्रम आहे.

सुरुवात दाराच्याही आधी होते. किल्ल्यांचा आवाज, बूट, ओळखपत्राची दोरी, हेल्मेट, डब्याची पिशवी, या वस्तू हलल्या की कुत्र्याला पुढचे सगळे कळते आणि भीती तिथूनच चढू लागते. म्हणून दिवसातून अनेकदा किल्ल्या उचलून पुन्हा खुंटीला लावाव्यात, हेल्मेट घालून स्वयंपाकघरात जावे, बूट घालून वर्तमानपत्र वाचत बसावे. कुत्रा मान वर करून पाहील, मग काही दिवसांनी पाहणेही सोडून देईल. हे घडेपर्यंत पुढे जाऊ नये.

त्यानंतर दार. आपल्याकडच्या सदनिकांत आतले लाकडी दार उघडे आणि बाहेरचे जाळीचे सेफ्टी डोअर लावलेले, अशी स्थिती दिवसभर असते. कुत्र्याला माणूस घरी असताना जिना दिसतो, आणि माणूस गेल्यावर लाकडी दार बंद होऊन तो दिसेनासा होतो. म्हणजे लाकडी दार बंद होणे हीच एकटेपणाची खूण ठरते. आम्ही घरी असताना ते दार बंद ठेवू लागलो. त्यामुळे ती खूण पुसट झाली आणि जिन्यावरून जाणाऱ्यांवर भुंकणेही बरेच कमी झाले. मग दाराबाहेर पाऊल टाकून लगेच आत येणे, नंतर दार लावून काही सेकंद थांबणे, नंतर लिफ्टचे बटण दाबून परत येणे. लिफ्टचे दार बंद होण्याचा आवाज ही आमच्या कुत्रीसाठी सर्वांत कठीण पायरी होती, म्हणून त्यावर पुष्कळ वेळ दिला. बाहेर असताना मोबाइलवर आतले चित्र पाहत राहावे. ती उठून दाराशी आली, कान मागे गेले, वारंवार जांभया किंवा ओठ चाटणे सुरू झाले, की ती मर्यादेजवळ पोचली आहे असे समजून आत यावे आणि पुढच्या वेळी अंतर कमी ठेवावे.

वेळ वाढवताना ती सरळ रेषेत वाढवू नये. प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त थांबलो, तर प्रत्येक जाणे आधीपेक्षा कठीण आहे हे कुत्रा ओळखतो. मोठ्या वेळेनंतर मध्येच अगदी छोटी वेळ ठेवावी. पहिली २० ते ३० मिनिटे गाठायलाच सर्वांत अधिक काळ लागतो. तेवढे जमले की पुढची वाढ तुलनेने वेगाने होते. मध्ये एखादा वाईट दिवस आला, तर दोन पायऱ्या मागे जावे. त्यात निराश होण्यासारखे काही नाही.

आता कातळशिल्प यांचा खरा प्रश्न: तोवर कार्यालयात कसे जायचे? प्रशिक्षणाच्या काळात कुत्र्याला जमते त्यापेक्षा जास्त वेळ एकटे ठेवायचे नाही, ही अट कठीण आहे, पण तिच्यावाचून काम होत नाही. आम्ही दोघांनी घरून काम करण्याचे दिवस वेगवेगळे घेतले. उरलेल्या वेळेसाठी आमच्याच इमारतीतील निवृत्त आजी-आजोबांकडे ती बसते. त्यांना सोबत होते आणि ती त्यांच्या टीव्हीसमोर निवांत झोपते. घरकामाला येणाऱ्या मावशींनी आपली येण्याची वेळ दुपारची केली, त्याचाही उपयोग झाला. शहरांत आता कुत्र्यांची पाळणाघरे आहेत, पण तिथे नेण्यापूर्वी जागा, पाणी, लसीकरणाची अट आणि एका माणसामागे किती कुत्रे सांभाळले जातात हे स्वतः जाऊन पाहावे. गर्दीला घाबरणाऱ्या कुत्र्याचा त्रास तिथे वाढतो.

उत्तरध्रुव (स्टॉकहोम)

येथे स्वीडनमध्ये नियमच असा आहे की घरात ठेवलेल्या कुत्र्याला दिवसा किमान दर ६ तासांनी बाहेर फिरवून आणले पाहिजे. त्यामुळे नोकरी करणारी माणसे कुत्रा आणण्यापूर्वीच दिवसाच्या पाळणाघराची चौकशी करतात, आणि शेजारी-शेजारी आळीपाळीने कुत्रे सांभाळण्याची पद्धतही आहे. पुण्यात असताना आमच्या इमारतीत चार घरांत कुत्रे होते आणि चारही घरे दिवसा रिकामी असत. अशी आळीपाळी तिथेही सहज जमली असती असे आता वाटते. सुचवण्यासारखे एवढेच की या व्यवस्थेत कोणाकडे किल्ली राहील, कुत्र्याला काय चालत नाही आणि अडचणीत कोणत्या पशुवैद्यकाला फोन करायचा, हे कागदावर लिहून ठेवावे.

माणदेश (सातारा)

गावाकडची बाजू मांडतो. आमच्या भागात घरची माणसे सकाळी रानात जातात आणि कुत्रा दिवसभर अंगणात साखळीला बांधलेला असतो. तो येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकतो, ते त्याचे कामच आहे असे मानले जाते, आणि काही अंशी ते खरेही आहे. पण आखूड साखळीला सतत बांधलेल्या कुत्र्याचे भुंकणे वेगळे असते. तो गोल फिरत राहतो आणि कोणी नसतानाही भुंकतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ मध्ये आखूड किंवा जड साखळीने प्राण्याला अवाजवी वेळ बांधणे, आणि नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे, या दोन्ही गोष्टी क्रूरतेत धरल्या आहेत. आम्ही अंगणाला जाळीचे कुंपण केले आणि कुत्रा आत मोकळा ठेवला. सकाळी रानात जाताना त्याला बांधापर्यंत सोबत नेऊन आणतो. दिवसाचे भुंकणे तेवढ्याने पुष्कळ उतरले.

शेवंती (कोल्हापूर)

आमच्याकडे बीगल आहे आणि चित्रीकरणात तो कंटाळल्यासारखाच दिसतो: सगळे खातो, झोपतो, मग उठून घरभर फिरतो आणि भुंकतो. त्याच्यासाठी इतके टप्प्याटप्प्याचे प्रशिक्षण आवश्यक आहे का?

गवतफूल (नाशिक)

शेवंती, आपल्या वर्णनावरून त्याला काम हवे आहे असे दिसते. बीगल ही वासावर शिकार शोधणारी जात आहे आणि लांब आवाज काढणे तिच्या घडणीतच आहे. सकाळच्या फिरण्यात त्याला भराभर ओढून न नेता हवे तेवढे हुंगू द्यावे. हुंगण्याने तो जितका थकतो, तितका नुसत्या चालण्याने थकत नाही. फिरून आल्यावर लगेच निघू नये, त्याला शांत व्हायला थोडा वेळ द्यावा. त्याच्या रोजच्या जेवणाचा काही भाग जुन्या सतरंजीच्या घड्यांत लपवावा, किंवा पोकळ रबरी खेळण्यात दहीभात, शिजवलेला लाल भोपळा अथवा गाजर भरून ते फ्रीजरमध्ये गोठवून जाताना द्यावे. चाटणे आणि चावणे या दोन्ही क्रियांनी कुत्रा शांत होतो. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट मात्र कुत्र्याला विषारी आहेत. शेंगदाण्याचे लोणी वापरणार असाल, तर त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा, कुत्र्याला विषारी असलेला गोड पदार्थ) नाही याची वेष्टनावर खात्री करावी.

बाहेरच्या आवाजांनी उठत असेल, तर पंखा किंवा रेडिओ मंद चालू ठेवावा. ग्लासगो विद्यापीठ आणि स्कॉटिश एसपीसीए ही प्राणिकल्याण संस्था यांनी २०१७ मध्ये आश्रयगृहातील कुत्र्यांना निरनिराळे संगीत ऐकवून पाहिले होते. संगीताने कुत्रे निवांत होत, परंतु एकच प्रकार रोज लावला की त्याचा परिणाम ओसरत असे. म्हणून रोज तेच लावू नये. कुत्रा रस्त्याकडे पाहून भुंकत असेल, तर खिडकीच्या खालच्या काचेला दुधी कागद चिकटवणे हा स्वस्त आणि चांगला उपाय आहे.

वऱ्हाडी (नागपूर)

आम्ही बोलता येणारा कॅमेरा घेतला आहे. कुत्रा रडू लागला की कार्यालयातून आवाज देऊन त्याला समजावतो. तो क्षणभर थांबतो, पण नंतर अधिक जोराने रडतो. हे चालू ठेवावे का? तो पिंजऱ्यात झोपायला शिकलेला आहे, म्हणून जाताना पिंजऱ्याचे दारही लावतो.

निंबोणी (पुणे)

वऱ्हाडी, आवाज देणे थांबवावे असे मला वाटते. आवाज येतो आणि माणूस दिसत नाही, म्हणून कित्येक कुत्रे घरभर शोधू लागतात आणि अधिक अस्वस्थ होतात. शिवाय रडले की मालकाचा आवाज येतो, हेही ते शिकतात. कॅमेरा ठेवावा, पण त्याचा ध्वनिक्षेपक बंद करावा. आत्ता तो रडू लागल्यावर आपण कार्यालयात असता, त्यामुळे त्याचा उपयोग मर्यादित आहे. खरा उपयोग सुट्टीच्या दिवशी जिन्यात उभे राहून सराव करताना होईल.

पिंजऱ्याविषयी अधिक काळजीने लिहिते. माणसे घरी असताना पिंजऱ्यात आनंदाने झोपणारा कुत्राही एकटा असताना बंद पिंजऱ्यात घाबरू शकतो, आणि तो फोडण्याच्या प्रयत्नात दात आणि नखे जखमी करून घेतो. त्याचे नाक, हिरड्या आणि पंजे आजच तपासून पाहावेत. ओरखडे किंवा रक्त दिसले तर पशुवैद्यकाला दाखवावे. पुढच्या वेळी पिंजऱ्याचे दार उघडे ठेवून, त्याला एका सुरक्षित खोलीत किंवा दिवाणखान्यात मोकळे ठेवून, फक्त काही मिनिटांचे चित्रीकरण करावे. त्यात तो दाराशी जातो की पिंजऱ्यात परततो, ठेवलेले खाणे खातो की नाही, आणि रडणे आपण निघाल्यानंतर किती वेळाने सुरू होते, एवढे येथे लिहावे, म्हणजे गवतफूल आणि इतर जाणकारांना नेमके काही सुचवता येईल.